गळ्यातली पेटी

बाईने माझे केस मुठीत धरले होते आणि ती मला मागे ओढत होती. मी तिच्या मुलीचे दोन्ही हात मनगटापाशी आवळून धरले होते आणि सोडत नव्हते. मुलगी किंचाळत होती. तिचे ओठ सुजून बाहेर आले होते, हनुवटीवर काळपट तेलाचा ओघळ होता आणि तेच तेल तिच्या बोटांना लागलं होतं. तिला डोळे चोळायचे होते. रडणारं पोर दुसरं काय करणार? ती बोटं एकदा डोळ्यांत गेली असती तर डोळे गेले असते. हे मला माहीत होतं. तिच्या आईला माहीत नव्हतं. ती कुठल्या तरी दूरच्या देशाची, मी गोव्यातल्या कोरगावात नांदणारी. आमच्या दोघींत एकही शब्द सारखा नव्हता.

तिला दिसत होतं ते एवढंच, की एक अनोळखी बाई आपल्या रडणाऱ्या पोरीला पकडून बसली आहे आणि सोडत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही केस ओढले असते. जास्तच जोरात ओढले असते.

मुलीने काजूची कच्ची बी दातांनी फोडली होती. भाजलेला काजूगर सगळ्यांना ठाऊक असतो. कच्च्या बीच्या कवचात तेल असतं, आम्ही त्याला डीक म्हणतो. ते लागेल तिथे कातडं जळतं, फोड येतात, सालं निघतात. पाण्याने ते जात नाही, उलट पसरतं. आधी खोबरेल चोळायचं, मग राख, मग साबण. आमच्याकडे बिया भाजायला बसण्याआधी बायका हातांना राख फासतात, ती उगाच नाही.

कोकणीला राजभाषा करणारा कायदा झाला होता आणि गोवा घटक राज्य व्हायचं होतं, त्या दोहोंच्या मधला तो काजूचा हंगाम. बाहेरची भांडणं जरा थंडावली होती. आमच्या घरातलं भांडण थंडावलं नव्हतं. नवरा कोकणीवाला, धाकटा दीर मराठीवाला. दोघे एकाच आईचे, एकाच ताटातून जेवून वाढलेले. घरात दोघेही एकच बोली बोलायचे. वर्तमानपत्रही एकच यायचं, मराठी, आणि ते आधी कोण वाचणार यावरून पूर्वी मारामारी व्हायची. पण देवळासमोर सभा झाली, नवऱ्याने कोकणीच्या बाजूने हात वर केला, आणि दीर मराठी शाळेत मास्तर. घरी येईपर्यंत दोघांनी वाटेतच एकमेकांचं सगळं काढलं.

"घरात कोकणी उलयतंस नी भायर मराठी म्हणतंस. लज दिसना तुका?" नवरा म्हणाला.

"आणि तू गणपतीची आरती खंयच्या भाशेत म्हणतंस? ती कोकणीत म्हणून दाखय माका," दीर म्हणाला.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. चूल एक, घर एक, बाग एक. काम तर थांबत नाही. म्हणून ते माझ्यामार्फत बोलू लागले. दोघे समोरासमोर बसलेले असायचे आणि नवरा मला सांगायचा, "तेका सांग, पेज निवता." मी सांगण्याआधीच दीर म्हणायचा, "तेका सांग, माका भूक नाय." दोघांना दोघांचं ऐकू जायचं. तरी मी मध्ये उभी असल्याशिवाय पुढचं वाक्य यायचं नाही. मी विहिरीवर गेले की घरात बोलणंच थांबायचं.

दिराला विज्ञानाच्या गोष्टींचा नाद होता. वाचनालयातून जुने दिवाळी अंक आणायचा आणि त्यातल्या गोष्टी संध्याकाळी मला वाचून दाखवायचा. मला म्हणजे नावाला. आवाज नवऱ्याला आत ऐकू जाईल एवढा असायचा. पुढे तो स्वतःही लिहू लागला. मी चार यत्ता शिकलेली, पण गोष्ट कळायला त्या पुऱ्या होतात. त्या गोष्टींत दुसऱ्या ग्रहावरचे लोक यायचे आणि त्यांची भाषा कळण्यात कुणालाच अडचण यायची नाही. एका गोष्टीत गोळी होती, ती गिळली की परकी भाषा यायची. एका गोष्टीत माणूस झोपेत शिकायचा. एका गोष्टीत तर तोंडच नव्हतं, या मनातून त्या मनात सरळ जायचं. आणि बहुतेक गोष्टींत पेटी असायची. पाहुण्याच्या गळ्यात एक छोटी पेटी, तो काहीही बोलला की पेटी ते आपल्या भाषेत सांगते.

दिराची स्वतःची गोष्टही पेटीचीच. त्याने पाहुण्यांचं यान मोपाच्या सड्यावर उतरवलं होतं. तेव्हा तिथे गवत आणि गुरं याशिवाय काही नव्हतं, म्हणून मला हसू आलं. आता तिथे खरी विमानं उतरतात. तर ते पाहुणे उतरतात, पेट्या चालू करतात, आणि सगळ्या गावाला कळतं की ते मित्र आहेत.

मी विचारलं, "ती पेटी आमगेर आयली तर काय उलयतली? मराठी काय कोकणी?"

"वैनी, तुका विज्ञान कळना," दीर चिडून म्हणाला.

आतून नवरा मोठ्याने हसला. मग मला म्हणाला, "तेका सांग, कोकणी उलयतली."

"तेका सांग, मराठी," दीर म्हणाला.

मग मी सुपातले खडे निवडत बसले. पाहुणे राहिले त्यांच्या यानात.

त्या गोष्टींत मला एक खटकायचं आणि अजूनही खटकतं. तिथे सगळ्यांना बोलायचंच असतं. फक्त शब्द अडतात, म्हणून पेटी लागते. शब्द सगळे कळतात आणि तरी बोलायचं नाही, असा माणूस त्या गोष्टींत कधी येत नाही. माझ्या घरात दोन होते.

दुसरं म्हणजे, भाषा अशी कुणी गिळत नाही. माझं माहेर डिचोलीकडे, खाणींच्या बाजूला. तिथे बेळगावकडून कामाला आलेल्या बायका नळावर यायच्या. त्या कानडी बोलायच्या. मला थोडी कानडी आली ती त्यांच्याशी भांडून. कळशी आधी कोणाची, यावरून रोज भांडण. भांडायला शब्द लागतात, समोरची काय शिवी देते ते कळावं लागतं. लग्न होऊन मी इकडे पेडणे तालुक्यात आले तेव्हा माझ्या बोलण्याला इथल्या बायका हसायच्या. तेही असंच भांडून सुधारलं. प्रेमाने कुणी मला एक शब्द शिकवल्याचं आठवत नाही.

ती परदेशी बाई मांद्र्याला किनाऱ्यावर खोली घेऊन राहत होती. हंगामात नीरो प्यायला यायची, म्हणजे काजूच्या बोंडांचा ताजा रस. बरोबर मुलगी, पाचेक वर्षांची, कापसासारखे केस. इंग्रजी त्या बाईला जेमतेम यायचं. पेला पुढे करायची, हसायची, प्यायची. एवढ्याने आमचं भागायचं. आम्ही त्याला ओळख म्हणत होतो.

त्या दिवशी नवरा कोळंबीत होता. कोळंबी म्हणजे कातळात खणलेली उथळ टाकी, तीत बोंडं पायांनी तुडवायची आणि रस खाली भांड्यात उतरवायचा. ती घराच्या बाजूच्या चढावर होती, तिथून आमचं अंगण सगळं दिसायचं. बाई त्याच्याजवळ उभी राहून तुडवणं बघत होती, अंगणाकडे पाठ. दीर सोप्यावर गोष्ट लिहीत बसला होता. त्याच्यासमोर, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर, अंगणात बियांची रास वाळत होती. मी खाली विहिरीवर.

नवऱ्याने वरून बघितलं की मुलगी राशीपाशी बसली आहे आणि बिया हातात घेते आहे. दीर तिच्या सर्वांत जवळ. "उचल तिका" एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. नवऱ्याने हाक मारली ती मला.

"गो! ऐकतंस मगे? तेका सांग, पोर बियांकडे बसलां!"

दिराने ती हाक ऐकली. तो मला नंतर म्हणाला तसं, हाक वैनीला आहे एवढं कानावर पडलं आणि पुढचं त्याने ऐकलंच नाही. आमच्या घरात तशी सवयच झाली होती. ज्याला हाक, त्यानेच मान वर करायची. मी कळशी काठावर ठेवून वर आले. चढ होता, पायऱ्या घसरड्या होत्या. नवरा पुन्हा ओरडला, पुन्हा मलाच. बाईने त्याच्याकडे बघितलं आणि हसली. तिला वाटलं असेल, हा माणूस कामाच्या भरात ओरडतो आहे.

मी अंगणात पोचले तेव्हा बी दाढेखाली फुटली होती.

म्हणून मी कुणालाही काही न सांगता आधी मुलीचे हात धरले.

बाई किंकाळी ऐकून धावत आली आणि माझ्या केसांना लोंबकळली. दीर उठला. तो इंग्रजीत विष, विष असं ओरडू लागला. त्याने बरोबर तेच सांगितलं. पण बाईला तेवढा एकच शब्द कळला, आणि तिला वाटलं आम्हीच काही दिलं. तिने दुसऱ्या हाताने माझ्या खांद्यावर नखं रोवली. मुलगी लहान होती, पण घाबरलेल्या पोराला बळ येतं. ती हात चेहऱ्याकडे ओढत होती आणि तेलाने माझी पकड सुटत होती. तिचा श्वास घोरू लागला होता. ओठांबरोबर आत जीभही सुजली असेल, असं माझ्या मनात आलं. डोळ्यांचं मला भय होतं, आता श्वासाचंही वाटू लागलं.

"तेल हाड रे! खोबरेल!" मी दिराला ओरडले. तो आत धावला आणि बाटली घेऊन आला. बाईने ती त्याच्या हातून उडवली. बाटली दगडावर फुटली. तेल मातीत गेलं. मुलीला ओढून ती विहिरीकडे न्यायला बघत होती. पाण्याने धुवायला. कुठलीही आई तेच करील. पाणी लागलं असतं तर डीक वर कपाळापर्यंत पसरला असता.

तेवढ्यात नवरा पोचला. गुडघ्यापर्यंत रसाने माखलेला, मागे गांधीलमाश्या. त्याने राशीतली एक बी उचलली आणि उजवं मनगट बाईच्या तोंडासमोर धरलं.

आमच्याकडे एक रीत होती. पोर रांगून राशीकडे जायला लागलं की आई कच्ची बी ठेचते आणि डिकाचा एक थेंब पोराच्या मनगटाला लावते. पोर रडतं, फोड येतो, काळा डाग जन्मभर राहतो. पण पुन्हा ते पोर बी तोंडात घालत नाही. समजावण्याच्या वयाआधी समजवायची ही पद्धत. क्रूर वाटेल कुणाला. मलाही माझ्या आईने लावला होता, पण माझे दोन्ही हात अडकलेले.

नवऱ्याने बी दाखवली, डाग दाखवला, मुलीचे ओठ दाखवले. बाई त्याच्याकडे बघेच ना. एका माणसाच्या हातावरच्या डागावरून काय कळणार? कशानेही पडला असेल.

मग दिराच्या लक्षात आलं. त्याने सदऱ्याची बाही वर केली आणि आपलं मनगट नवऱ्याच्या मनगटाला लावून धरलं. तोच डाग. त्याच जागी, तेवढाच. माझ्या सासूचा हात दोघांवर सारखाच पडला होता.

बाईने एका मनगटाकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं. मग बीकडे. मग पोरीच्या हनुवटीकडे. ओढणं थांबलं. केस तिने सोडले नव्हते, पण मूठ सैल झाली. मी डोकं हलवून मुलीच्या डोळ्यांकडे खूण केली आणि नाही, नाही अशी मान फिरवली. तिने माझे केस सोडले, मुलीच्या मागे बसली आणि तिचे हात स्वतः धरले. माझ्यापेक्षा घट्ट धरले.

मी आत जाऊन चुलीजवळचं दुसरं खोबरेल आणलं, वैलातली राख आणली. ओठ, हनुवटी, बोटं. तेल, राख, साबण, पुन्हा तेल. मुलगी मला चावली. बाई रडत होती, पण हात धरून होती. तेल उतरलं तरी सूज उतरेना. श्वासाचा आवाज वाढला होता.

नवरा उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, तेका सांग. तो दिराकडे वळला.

"गाडी काढ," तो म्हणाला.

"काढतंय," दीर म्हणाला.

"कोपऱ्यावरल्या वाटेन जा. सकयल्यान नको, थंय खणलां."

"खबर आसा माका. एक बी दी. दोतोराक दाखवंक जाय."

नवऱ्याने बी त्याच्या खिशात टाकली. दिराने स्कूटर काढली, मागे बाई, दोघांच्या मध्ये मुलगी, तिचे हात आईच्या मुठीत. स्कूटर कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. आवाज मात्र बराच वेळ ऐकू येत होता.

आम्ही दोघं अंगणात राहिलो. मी काच वेचली. माझ्या तळव्यांची आग होऊ लागली होती, पुढे आठवडाभर त्यांची सालं निघत होती. कोळंबीतला रस तसाच राहिला, त्यावर माश्या बसल्या. नवऱ्याने पायही धुतले नाहीत. सोप्यावर दिराचे कागद पडले होते, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर बी ठेवलेली. ती मी उचलून राशीत टाकली. मी नवऱ्याला विचारलं, "पयली हाक तेका कित्याक मारूंक नाय?" तो पायावरचा वाळलेला रस खरवडत राहिला. मी पुन्हा विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. संध्याकाळचा पोदेर पाव घेऊन आला, हॉर्न वाजवून वाजवून गेला. कुणी उठलं नाही. रस्त्यावर एखादी गाडी वाजली की नवरा उभा राहायचा, ती पुढे गेली की बसायचा.

त्या वेळात मी दिराच्या गोष्टीचा विचार करत होते, हे खरं आहे. पाहुण्याच्या गळ्यातली पेटी त्या बाईच्या गळ्यात असती तर केस वाचले असते माझे, बाटलीही फुटली नसती. एवढं मी त्या पेटीला देते. पण बी दाढेखाली गेली ती परक्या भाषेमुळे गेली नव्हती. ती आमच्याच भाषेमुळे गेली. नवरा आणि दीर यांच्यामध्ये मी होते आणि मी विहिरीवर होते.

दिवे लागले तेव्हा दीर एकटा परत आला. स्कूटर लावली, सोप्यावर बसला. चेहऱ्यावरून काही कळेना. नवरा दारात उभा होता, दोघांमध्ये चार हातांचं अंतर असेल. मी चुलीपाशी होते.

नवऱ्याने मला हाक मारली.

"गो, तेका इचार, पोर कशी आसा?"

मी हातातली पळी घेऊन बाहेर आले. दिराकडे बघितलं. दीर माझ्याकडे बघून म्हणाला, "तेका सांग, सूज उतरली. दोळे बरे आसत. दोतोरान आज थंयच ठेयलां."

"ऐकलं त्यांनी," मी म्हणाले आणि आत गेले.

घटक राज्य झालं, गावात मिठाई वाटली. दोघांनी आपापला पेढा घेतला, एक सोप्यावर बसून, एक आतल्या खोलीत. दिराने ती गोष्ट पुरी केली नाही. पुढे लग्न झालं, त्याची बायको आली, मग निम्मे निरोप तिच्याकडून जाऊ लागले. मला तेवढाच आराम. बाई त्या हंगामात पुन्हा एकदा आली. मुलीच्या ओठांवर गुलाबी कातडं आलं होतं. नीरो दोघींनी घेतला नाही. बाई माझ्या केसांकडे बघत होती. मी पदर डोक्यावरून घेतला, म्हणजे तिला बघावं लागू नये.

आता माझ्या सुनेच्या मांद्र्याला भाड्याच्या खोल्या आहेत. पाहुणे फोनमध्ये बोलतात आणि फोन तेच मराठीत सांगतो. दिराची पेटी खरी झाली. सून म्हणते, आई, आता कसलीच अडचण नाही. मी म्हणते, बरं. सून आणि तिची जाऊ गेल्या चतुर्थीपासून एकमेकींशी बोलत नाहीत, फोन दोघींकडे आहेत.

मुलगी वाचली, दोन्ही डोळ्यांनी धड. नवरा आणि दीर त्यानंतर पुष्कळ वर्षं त्याच छपराखाली राहिले आणि एकापाठोपाठ गेले. आता मी आहे.